खडीआईची खोळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचे सर्वेसर्वा आणि माझे सख्खे थोरले बंधू अमरसिंह दादा. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, मुख्याध्यापक उत्तरेश्वर सर. सरांच्या शेजारी अवघडून बसलेल्या मंगलवहिनी, ज्यांना सरांच्या एवढ्या नोकरीत आज पहिल्यांदा कुणी व्यासपीठावर खुर्ची दिली. केजहून आलेले पाहुणे, ज्यांना अजून दोन ठिकाणी सत्कार घ्यायचे आहेत आणि जे घड्याळाकडे बघतायत ते मला इथून दिसतंय. संस्थेचे संचालक, गावातली वडीलधारी मंडळी, शिक्षकवृंद, विद्यार्थी मित्रांनो, आणि मागे दाराजवळ, चपला काढल्यात तिथं खाली बसलेल्या वत्सलाबाई. वत्सलाबाई, पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत. नाही? बरं, राहू द्या. तुम्हाला तिथं ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं मी बोलते.

माझी ओळख करून द्यायची गरज नाही, तरी पाहुण्यांसाठी सांगते. मी सत्यशीला. वडवणीला मुलींच्या शाळेत शिकवते. हे गाव माझं माहेर. या शाळेत मी कधी नोकरी केली नाही, त्यामुळे निरोपाचं भाषण माझ्याकडं का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. दादांनाही पडला होता. दुसरं कुणी नाही का, असं त्यांनी सरांना विचारलं. सर नाही म्हणाले. निवृत्त होणाऱ्या माणसाची एक मागणी तरी मान्य करावी लागते, म्हणून मी इथं उभी आहे.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सरांबद्दल फार चांगलं सांगितलं. शिस्तप्रिय, मितभाषी, निर्व्यसनी. एकानं तर अजातशत्रू म्हटलं. सगळं खरं आहे. फक्त या अजातशत्रू माणसाचा उजवा हात गळ्यात का बांधलाय, तेवढं सांगायचं राहून गेलं. सर घसरून पडले. फाट्यावर, भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर. गावानं असं ठरवलंय, सरही तेच सांगतात, म्हणून मीही तेच सांगते.

सरांना एक खोड होती, ती तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तेलाचे रिकामे डबे कापून, ठोकून सपाट करायचे, त्यावर पांढरा रंग द्यायचा आणि पोरांकडून काळ्या अक्षरात लिहून घ्यायचं. मग ती पाटी रस्त्याच्या कडेला रोवायची. केजकडून येताना तुम्ही त्या पाहिल्या असतील. ‘इथे निजामाच्या काळात करोडगिरी नाका होता.’ ‘या बारवेने गावाला तीन दुष्काळ पाणी पाजले, चौथ्याला आटली.’ ‘या चिंचेखाली शाळा भरे, मास्तरांना पगार म्हणून ज्वारी मिळे.’ फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं एक पाटी उपटून टाकली होती. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक पाटी वाचत उभं राहतं आणि चहा न घेताच जातं. सरांनी ती पाटी चार पावलं पुढं रोवली आणि स्वतः रोज त्याच्याकडं चहा घ्यायला लागले.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, सर, या रस्त्यानं कोण जातंय? ऊस भरलेले ट्रॅक्टर, वडापच्या जीपा, एसटी. हे वाचणार कोण? तेव्हा सर म्हणाले, “ताई, ज्यानं रस्ता केला त्याचं नाव रस्त्यावर असावं. वाचणारा आला तर आला.” मला वाटलं, मास्तर माणसाचं बोलणं आहे. मीही मास्तरीणच आहे, त्यामुळे फारसं मनावर घेतलं नाही.

आता खडीआईबद्दल सांगते. गावकऱ्यांना नव्यानं सांगायला नको, पण पाहुण्यांना त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फाट्याच्या अलीकडं, जुन्या खाणीच्या तोंडाशी, कमरेएवढा एक दगड उभा आहे. शेंदूर लावलेला. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की ट्रॅक्टर तिथं थांबतात. बाया उतरतात, खडीची एक मूठ दगडापुढं ठेवतात, नारळ फोडतात. परतून येताना सगळी माणसं मोजून आली तर पुन्हा फोडतात. खडीआई का म्हणतात, कुणालाच सांगता येत नव्हतं. आपल्याकडं दगड उभा असला आणि त्याला शेंदूर लागलेला असला की पुढं कुणी काही विचारत नाही. हात जोडतो आणि निघतो.

या देवीला तेल-शेंदूर लावायचा मान आमच्या घराकडं आहे. आधी वडील लावायचे. ते थकल्यावर दादा लावायला लागले. दर अमावस्येला, स्वतःच्या हातानं. आजारी असले तरी दुसऱ्याला पाठवत नाहीत. माझ्या वहिनीला, पोरांना, कुणालाही त्या दगडाला हात लावू देत नाहीत. गाव म्हणतं, केवढी भक्ती.

शेंदराचे थरावर थर चढत जातात. खूप वर्षांनी ते वजन दगडाला पेलत नाही आणि सगळं कवच एकदम गळून पडतं. त्याला आपण खोळ पडली म्हणतो. देवानं अंग मोकळं केलं असं समजायचं, खोळ वाजतगाजत नदीला न्यायची, आणि नवा शेंदूर चढेपर्यंत देवाला धोतर गुंडाळून ठेवायचं. उघडा देव बघू नये असा आपल्याकडं नेम आहे. गेल्या आषाढात खडीआईची खोळ पडली. हलगी लावून सगळं गाव खोळ घेऊन नदीला गेलं, आणि एकटे उत्तरेश्वर सर दगडापाशी थांबले. गुडघे दुखतात म्हणाले.

सरांनी धोतर बाजूला केलं. दगडावर अक्षरं होती. नंतर ती आणखी काही जणांनी बघितली, तेव्हा एक जण म्हणाला, देवीचा मंत्र आहे, मोठ्यानं वाचू नका, वाचणाऱ्याचं वाटोळं होतं. तो मंत्र सरांनी मोठ्यानं वाचला. छिन्नीनं, ओबडधोबड कोरलेलं साधं मराठी. दुष्काळी कामावर खडी फोडताना या जागी दरड अंगावर येऊन मयत झालेल्या बाया. खाली पाच नावं. चार नावांपुढं नवऱ्याचं नाव आणि गाव, चारही परगावं. पाचव्या नावापुढं काही नाही. नुसतं ‘मुक्ता’.

म्हणजे इतकी वर्षं गाव ज्या दगडाला नवस बोलत होतं, तो बहात्तरच्या दुष्काळात हा रस्ता करताना मेलेल्या बायांचा दगड होता. सरांनी दुसऱ्या दिवशी पाटी तयार केली. त्यांनी देवीला देवी नाही असं कुठंही म्हटलं नव्हतं. त्यांनी एवढंच लिहिलं, ‘हा रस्ता या बायांनी केला,’ आणि खाली ती नावं. संध्याकाळपर्यंत पाटी गायब झाली. सरांनी दुसरी लावली. तीही गेली. तिसरी लावायला गेले तेव्हा सर घसरून पडले.

दादांनी कुणाला काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मी त्यांची बहीण आहे, मला तेवढं माहीत आहे. या गावात दादांना काही सांगावं लागत नाही. त्यांच्या कपाळावर आठी पडली की पुढचं काम आपोआप होतं. त्यांच्या कपाळाला आठी का पडली, हा प्रश्न मात्र मला पडला. सरांनी त्यांच्या आडवं जायचं म्हणून काही केलेलं नव्हतं.

दादा, बसा. माझी दोन मिनिटं उरलीत. पाहुण्यांनी चहा मागितला तर पोरं देतील.

सरांचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा वत्सलाबाई त्यांच्या घरी गेल्या. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, वत्सलाबाईंचं सगळं घर ऊसतोडीला जातं. या वयातही त्या परवापरवापर्यंत नातवंडं सांभाळायला टोळीबरोबर जात होत्या. त्यांना लिहितावाचता येत नाही. त्यांनी सरांना ती नावं वाचून दाखवायला सांगितली. सरांनी पाची नावं वाचली. त्या म्हणाल्या, शेवटलं परत वाचा. सरांनी परत वाचलं. मंगलवहिनी म्हणतात, त्यांनी चहाची कपबशी तशीच खाली ठेवली आणि म्हणाल्या, वडवणीच्या ताईला बोलवून घ्या.

मी आले. सरांच्या ओसरीवर बसून जे ऐकलं ते वत्सलाबाईंच्याच शब्दांत सांगते. त्या इथं आहेत, चुकलं तर त्यांनी मला थांबवावं.

“तवा मी नवी लगीन होऊन आल्यालती. मुक्ताबाई आमच्या संगं माजी भैन म्हणून नाव लावून यायच्या. तोंड पदरानं बांधल्यालं, नुसते डोळे दिसायचे. धुरळ्यापायी समद्याच बायांची तोंडं बांधल्याली असायची, कोण वळकतंय. पाटलाच्या घरची सून खडी फोडती म्हणल्यावर लई बोभाटा झाला असता. त्यांनी हजेरीच्या पैशाचं कदी इचारलं न्हाई. सुकडी मिळायची ना कामावर, भाजल्याल्या पिठाची, गोड, तेवढ्यासाठी यायच्या. घरात कणगी रिकामी व्हती आन दोन लेकरं व्हती.”

मुक्ताबाई हे माझ्या आईचं नाव.

मी तेव्हा अंगावर पीत होते. मला आई आठवत नाही. मला लहानपणापासून सांगितलं ते असं, की आई आजोळी गेली होती आणि तिथं तिला पान लागलं. साप चावला असं आपण म्हणत नाही, पान लागलं म्हणतो. आमच्या घरात नागपंचमीला बायका वारुळाला गेल्या नाहीत. मी आयुष्यभर सापाचा राग केला. शाळेत सापांची माहिती देणारा कार्यक्रम आला तर मी वर्ग दुसऱ्या बाईंकडं द्यायचे. तो बिचारा यात कुठं नव्हताच.

झालं ते असं. खाणीच्या भिंतीला भेग होती. बायांनी मुकादमाला सांगितलं होतं. तो उद्या बघू म्हणाला. दरड आली तेव्हा वत्सलाबाई पाण्याला गेल्या होत्या, म्हणून त्या आज दाराजवळ बसल्यात. आमचे वडील आले. त्यांनी बायकोला बैलगाडीत घातलं, वर कडबा टाकला आणि तिच्या माहेरी नेलं. सरण तिथं रचलं. जाण्याआधी त्यांनी वत्सलाबाईंना बेलभंडाराची शपथ घातली, की ती कुणाची हे तोंडातून निघणार नाही. पुढं काम संपून पांगण्याआधी मजुरांनी आपसात ठरवून दगड उभा केला. बंकट म्हणून पाथरवट होता, त्यानं नावं कोरली. पाचव्या नावाला त्यानं विचारलं, मुक्ता कुणाची? वत्सलाबाई गप्प राहिल्या. त्यानं वाट बघितली आणि छिन्नी खाली ठेवली.

वर्षाच्या आत आमच्या वडिलांनी त्या दगडाला शेंदूर लावला. नवस फेडतो म्हणाले. एवढं मोठं दगडी पुस्तक मिटवायला त्यांना वाटीभर तेल पुरलं. त्यांना कसली लाज वाटली? दुसऱ्याच्या घरात चोरी करताना तर ती मेली नव्हती. लेकरांच्या तोंडात काही पडावं म्हणून दगड फोडत होती. पण पाटलाची बायको सापानं मेलेली चालते, दगड फोडताना मेलेली चालत नाही. मला याचा संताप येतो, आणि तो मी इथं सभ्य शब्दांत सांगतेय, कारण समोर विद्यार्थी आहेत.

सत्कार सरांचा आणि ताई घरचं गाऱ्हाणं घेऊन बसल्या, असं कुणाला वाटत असेल. सरांच्याच कामाबद्दल बोलतेय. त्यांनी आयुष्यभर पाट्या लावल्या. त्यातली एक माझ्या आईची होती आणि तिच्यापायी त्यांचा हात मोडला. यापेक्षा मोठा गौरव मला सुचत नाही.

वत्सलाबाईंनी शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली. ती सांगू की नको, यावर मी कितीतरी दिवस घुटमळले. आज सांगते.

“धुरळा खाली बसला तवा काठावर दादा दिसले. सात वर्साचं लेकरू. हातात पितळी घिऊन बसलं व्हतं, सुकडीची वाट बघत. मला म्हणलं, माय कुठाय. म्या दगडाकडं हात केला. दुसरं काय करू?”

आमच्या घरात भाजलेल्या पिठाचा कुठलाही गोड पदार्थ करत नाहीत. दादांना चालत नाही. का चालत नाही, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

म्हणजे दादांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सरांच्या ओसरीवरून उठले ती तडक घरी जाऊन मी त्यांना विचारलं.  ते म्हणाले, “सत्यशीला, देवाला नाव विचारू नये.” आणि हात धुवायला उठून गेले.

तेव्हा मला त्यांचा फार राग आला. बापानं झाकलं ते समजू शकते, पण पोटच्या पोरानं आईच्या नावावर दर अमावस्येला शेंदूर थापावा? परवा मी दगडापाशी गेले होते. नवा थर चढलाय. अक्षरं पुन्हा बुजलीत. आज सकाळी इथं समई लावताना दादांचा हात माझ्या हाताशेजारी होता. त्यांच्या नखांत शेंदूर होता. तो लवकर जात नाही. आणि ती नखं बघितल्यावर माझा राग कुठं गेला मला कळलं नाही.

सात वर्षांच्या पोराला सांगितलं असेल, आईला पान लागलं, रडायचं तर घरात रडायचं, त्या रस्त्याला फिरकायचं नाही. मग त्याला तिच्याजवळ जायला दुसरी वाट कुठली होती? तेलाची वाटी घेऊन गेलं तर कुणी अडवत नाही. देवाच्या अंगावरून हात फिरवला तर कुणी काही म्हणत नाही. दादा, तू तिला लपवत होतास की न्हाऊ घालत होतास, हे मला ठरवता येत नाही. मला वाटतं तुलाही येत नसेल. दोन्ही एकाच हातानं झालं.

माफ करा, अध्यक्षांना अरेतुरे केलं. लहानपणी मी त्याच्या पाठीवरच वाढले.

आता एक विनंती, आणि ती मी सगळ्या गावासमोर करते, कारण घरात करून झाली. रस्ता चौपदरी होतोय. येत्या अमावस्येला खडीआई तिथून उचलून आमच्या शेतातल्या नव्या मंदिरात बसवायची आहे. दादांनी तिच्यासाठी चांदीचा मुखवटा करून आणलाय. तो दगडावर कायमचा जडवला जाणार आहे. शेंदराची खोळ कधीतरी पडते. चांदीची पडत नाही. एकदा तो मुखवटा बसला की त्या पाच बाया कायमच्या आत गेल्या. वत्सलाबाईंनंतर त्यांना ओळखणारं कुणी उरणार नाही.

मंदिर बांधा. चौथरा करा. टोळ्यांना नारळ फोडू द्या, त्या बायांना तिथं कोण आहे ते आपल्यापेक्षा जास्त कळलंय. पण मुखवटा बसवू नका. दगड नव्या रस्त्याच्या कडेला राहू द्या. शेंदूर लावायचाच असेल तर पायाशी लावा, नावांवर नको. आणि सरांची पाटी, तिसरी, जी लावायची राहिली, ती मंगलवहिनींकडं कपाटामागं ठेवलेली आहे. सर आता युसूफ वडगावला आपल्या गावी जातील. त्यांच्या हातून ती होणार नाही. ती कुणी लावायची, ते गावानं बघावं.

सर, तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो असं म्हणायची रीत आहे. मी म्हणते, तुमचा हात नीट जुळो. वहिनी, तुम्ही एवढी वर्षं पांढऱ्या रंगाचे डाग धुतलेत, तुमचे उपकार वेगळे मानते. संस्थेनं मला बोलू दिलं, पाहुणे थांबले, विद्यार्थी गडबड न करता बसले, सगळ्यांची मी ऋणी आहे. पाच मिनिटांची मी किती केली, ते सूत्रसंचालकांच्या चेहऱ्यावर दिसतंय. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर लेक माहेरी बोलली म्हणून सोडून द्या.

एक चूक मात्र दुरुस्त करूनच खाली बसते. सुरुवातीला मी मान्यवरांची नावं घेतली, त्यात काही राहून गेली. ज्या रस्त्यानं आपण सगळे इथं आलो तो ज्यांनी केला, त्यांचा मान पहिला होता. सोनाबाई. राहीबाई. कोंडाबाई. द्वारकाबाई. मुक्ताबाई.

मुक्ता कुणाची, हे दगडावर नाही. मी तिला पाहिलेलं नाही, माझ्या सांगण्याला काय अर्थ आहे. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे यानंतर अध्यक्षीय भाषण आहे. ज्यानं तिला पाहिलंय, त्यानं ते सांगावं.